झोपाळू अध्यक्षाचे न झालेले निदान

अमेरिकेच्या इतिहासात राष्ट्राध्यक्ष आणि सरन्यायाधीश ही दोन्ही सर्वोच्च पदे भूषविण्याचा मान आजवर एकाच माणसाला मिळाला आहे. विल्यम हॉवर्ड टॅफ्ट हे त्यांचे नाव. एखाद्या कायदेपंडिताच्या आयुष्याचे याहून मोठे सार्थक कोणते असणार? परंतु लोकांच्या स्मरणात टॅफ्ट राहिले ते या मानासाठी नव्हे. त्यांचे अगडबंब शरीर, व्हाइट हाऊसमधला त्यांचा अवाढव्य न्हाणीचा टब आणि भर समारंभात त्यांना लागणारी डुलकी, एवढीच त्यांची ओळख शिल्लक उरली. व्यंगचित्रकारांना आणि विनोदी लेखकांना त्यांनी जिवंतपणी विषय पुरविला आणि मेल्यानंतरही तो आटला नाही. त्या हसण्यामागे एक खरेखुरे दुखणे दडले होते, हे मात्र त्यांच्या मृत्यूनंतर सत्तरहून अधिक वर्षांनी पुढे आले.

टॅफ्ट यांचा जन्म १५ सप्टेंबर १८५७ रोजी ओहायो राज्यातील सिनसिनाटी शहरात झाला. वडील अल्फॉन्सो टॅफ्ट नामांकित वकील होते आणि अध्यक्ष ग्रँट यांच्या मंत्रिमंडळात त्यांनी युद्धमंत्री व महान्यायप्रतिनिधी म्हणून काम केले होते. मुलांकडून त्यांच्या अपेक्षा मोठ्या होत्या. विल्यम यांनी त्या पुऱ्या केल्या. १८७८ मध्ये येल विद्यापीठातून ते आपल्या वर्गात दुसरे आले, १८८० मध्ये कायद्याचे शिक्षण पूर्ण झाले आणि तिशी गाठता गाठता ते सिनसिनाटीच्या वरिष्ठ न्यायालयात न्यायाधीश झाले. पुढे सरकारचे सॉलिसिटर जनरल आणि १८९२ पासून संघीय अपील न्यायालयाचे न्यायाधीश, अशी त्यांची चढती कमान राहिली. एक गोष्ट येथे मुद्दाम ध्यानात ठेवली पाहिजे. आळशी किंवा मंद म्हणून ज्यांची पुढे टिंगल झाली, त्या माणसाची तरुणपणची ओळख कष्टाळू आणि तल्लख अशीच होती.

१८८६ मध्ये त्यांचा विवाह हेलन हेरॉन यांच्याशी झाला. घरात त्यांना नेली म्हणत. नेली महत्त्वाकांक्षी होत्या आणि पतीने व्हाइट हाऊसमध्ये जावे, ही त्यांची तीव्र इच्छा होती. टॅफ्ट यांचे मन मात्र सर्वोच्च न्यायालयात गुंतलेले होते. १९०० मध्ये अध्यक्ष मॅकिन्ली यांनी त्यांना फिलिपिन्स आयोगाचे प्रमुख म्हणून पाठविले आणि १९०१ मध्ये ते त्या बेटांचे पहिले मुलकी गव्हर्नर झाले. तेथे असताना थिओडोर रूझवेल्ट यांनी त्यांना सर्वोच्च न्यायालयातील जागा देऊ केली, तेव्हा हाती घेतलेले काम अर्धवट टाकणे बरे नव्हे, म्हणून त्यांनी ती नाकारली. त्यांच्या वजनाची चर्चा तोवर वॉशिंग्टनपर्यंत पोहोचली होती. डोंगरातून दूरवर घोड्यावर रपेट केल्याचे त्यांनी तारेने कळविले, तेव्हा युद्धमंत्री एलिहू रूट यांनी उलट तारेने घोड्याची प्रकृती विचारली. टॅफ्ट स्वतःही या विनोदावर मनमुराद हसले. स्वतःवर हसण्याची ही वृत्ती त्यांच्या लोकप्रियतेचे कारण होती. पण ज्या गोष्टीवर रुग्ण स्वतःच हसतो, तिच्याकडे दुखणे म्हणून कोणी पाहत नाही, हेही तितकेच खरे.

१९०४ मध्ये ते रूझवेल्ट यांच्या मंत्रिमंडळात युद्धमंत्री झाले. पुढच्याच वर्षी वाढत्या वजनाची त्यांनी स्वतःहून दखल घेतली. लंडनमधील आहारतज्ज्ञ डॉक्टर नॅथॅनियल यॉर्क-डेव्हिस यांच्याशी त्यांनी पत्रव्यवहार सुरू केला. डॉक्टर अटलांटिकच्या पलीकडे आणि रुग्ण अलीकडे, असा हा उपचार होता. काय खावे, किती खावे याची यादी पत्रातून येई आणि टॅफ्ट आपल्या वजनाचे आकडे पत्रातून कळवीत. १९०५ च्या अखेरीस त्यांचे वजन ३१४ पौंड, म्हणजे सुमारे १४२ किलो होते. काही महिन्यांत ते सुमारे २७ किलोंनी उतरले. परंतु पुढे निवडणुकीची धावपळ आली, मेजवान्या आल्या आणि ४ मार्च १९०९ रोजी अध्यक्षपदाची शपथ घेईपर्यंत ते वजन व्याजासकट परत आले होते. वजन उतरवणे आणि उतरलेले वजन टिकवणे या दोन निराळ्या लढाया आहेत, हा अनुभव शंभर वर्षांनंतरच्या वाचकालाही परका वाटणार नाही.

अध्यक्षपदाच्या काळात टॅफ्ट यांचे वजन दीडशे किलोंच्या आसपास किंवा त्याहून अधिकच होते. याच काळात त्यांच्या झोपेने कळस गाठला. ते पत्ते खेळताना झोपत, जेवणाच्या मेजावर झोपत, संगीताच्या कार्यक्रमात झोपत, कागदपत्रांवर सह्या करता करता झोपत. एका अंत्यसंस्काराच्या वेळी पुढच्या रांगेत बसलेले असताना त्यांचा डोळा लागला. प्रतिनिधिगृहाचे सभापती त्यांच्याकडे झुकून काही महत्त्वाचे सांगत असताना अध्यक्ष महाशय निद्राधीन झाल्याचीही नोंद आहे. रात्री त्यांचे घोरणे दांडगे असे. नेली त्यांना परीकथेतल्या निद्रिस्त राजकन्येच्या नावाने चिडवीत.

या साऱ्या नोंदी आपल्यापर्यंत पोहोचल्या त्या प्रामुख्याने त्यांचे लष्करी सहायक मेजर आर्चिबाल्ड बट यांच्या पत्रांमुळे. बट सावलीसारखे अध्यक्षांबरोबर असत आणि दिवसभराचा वृत्तांत घरच्यांना लिहून पाठवीत. एप्रिल १९१२ मध्ये युरोपातून परतताना टायटॅनिक जहाजावर त्यांचा अंत झाला. त्यांची पत्रे पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ज्याच्या सहवासात रुग्ण दिवस-रात्र असतो त्याने केलेले वर्णन झोपेच्या विकारात फार मोलाचे ठरते, कारण झोपेतला माणूस स्वतःचा साक्षीदार असूच शकत नाही.

टॅफ्ट यांच्या रक्तदाबाची नोंदही उपलब्ध आहे. त्या काळी हे मोजमाप नवेच होते. अध्यक्षपदावर असताना त्यांचा वरचा रक्तदाब २१० च्या घरात गेला होता. आज एवढा आकडा दिसला तर डॉक्टर रुग्णाला घरी जाऊ देण्यापूर्वी दहादा विचार करतील. त्या वेळी तो कमी करणारे भरवशाचे औषधच नव्हते.

राजकारणातही ही चार वर्षे कष्टाची गेली. मे १९०९ मध्ये नेली यांना पक्षाघाताचा झटका आला, त्यांची वाचा गेली आणि देशाचा कारभार सांभाळून टॅफ्ट यांनी पत्नीला पुन्हा बोलायला शिकविण्यात तासन् तास घालविले. त्यांच्या कारकिर्दीत मक्तेदार कंपन्यांवर अनेक खटले भरले गेले, टपाल बचत योजना सुरू झाली, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना ही दोन राज्ये संघात आली. कामगिरी नगण्य नव्हती. परंतु जकातीच्या प्रश्नावर पक्ष दुभंगला. त्यासंबंधीचे मिनेसोटातील विनोना येथले भाषण त्यांनी ऐनवेळी घाईघाईत तयार केले आणि ते अंगाशी आले. भाषणे शेवटच्या क्षणापर्यंत लांबणीवर टाकण्याची त्यांची सवय सहकाऱ्यांना खटकत असे. ज्या रूझवेल्ट यांनी त्यांना अध्यक्षपदापर्यंत आणले, तेच विरोधात उभे ठाकले. १९१२ च्या निवडणुकीत विद्यमान अध्यक्ष तिसऱ्या क्रमांकावर फेकला गेला. यूटा आणि व्हरमॉंट या दोनच राज्यांनी त्यांना साथ दिली.

या पराभवाचे खापर झोपेवर फोडणे योग्य होणार नाही. पक्षातील फूट, मित्राशी आलेले वितुष्ट आणि टॅफ्ट यांचा न्यायाधीशी पिंड ही कारणे पुरेशी आहेत. तथापि रात्रीची झोप पुरी न झालेल्या माणसाची एकाग्रता, स्मरण आणि निर्णयाची तत्परता मंदावते, हे आज सर्वमान्य आहे. ज्याला लोक चालढकल म्हणत होते त्यात थकलेल्या मेंदूचा वाटा किती होता, हा प्रश्न म्हणूनच विचारण्याजोगा आहे.

व्हाइट हाऊस सोडल्यानंतर टॅफ्ट येल विद्यापीठात कायद्याचे प्राध्यापक झाले. आणि येथे त्यांच्या कहाणीला वळण मिळाले. पद सोडल्यापासून वर्षभरात त्यांनी २७ किलोंहून अधिक वजन उतरविले आणि या वेळी ते पुन्हा जुन्या टोकाला जाऊ दिले नाही. वजनाबरोबर रक्तदाब लक्षणीयरीत्या उतरला आणि भरदिवसाच्या त्या डुलक्याही नाहीशा झाल्या. १९२१ मध्ये, वयाच्या ६३ व्या वर्षी, त्यांचे आयुष्यभराचे स्वप्न साकार झाले. अध्यक्ष हार्डिंग यांनी त्यांना सरन्यायाधीश नेमले. वॉशिंग्टनमध्ये ते घरापासून न्यायालयापर्यंत पायी जात. त्यांच्या या नित्याच्या वाटेवरील कनेक्टिकट ॲव्हेन्यूवरच्या पुलाला १९३१ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. कोणते खटले ऐकायचे हे ठरविण्याचे मोठे स्वातंत्र्य सर्वोच्च न्यायालयाला देणारा १९२५ चा कायदा त्यांच्याच प्रयत्नांतून झाला. न्यायालयाला स्वतःची स्वतंत्र इमारत असावी, हा आग्रहही त्यांचाच. ती इमारत १९३५ मध्ये पूर्ण झाली, पण ती पाहायला ते राहिले नाहीत. हृदयविकाराने खंगल्यामुळे फेब्रुवारी १९३० मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि ८ मार्च १९३० रोजी त्यांचे निधन झाले.

व्हाइट हाऊसमध्ये पेंगणारा माणूस आणि न्यायालयाची घडी नव्याने बसविणारा माणूस एकच होता. मधल्या काळात पालटले होते ते त्यांचे वजन, आणि त्याबरोबर त्यांची झोप. या धाग्याचा मागोवा घेत अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञ जॉन सोटोस यांनी २००३ मध्ये ‘चेस्ट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक शोधनिबंध लिहिला. टॅफ्ट यांना झोपेत श्वास अडण्याचा विकार, म्हणजे ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया होता, असे त्यांनी साधार मांडले.

हा विकार समजून घेणे अवघड नाही. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. मानेभोवती चरबी असेल, जबडा मागे असेल किंवा टॉन्सिल वाढलेले असतील तर श्वासाची वाट आणखी अरुंद होते. प्रथम घोरणे सुरू होते आणि मग वाट पूर्ण बंद होते. छाती धडपडत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू घसरू लागताच मेंदू धोक्याची घंटा वाजवितो, माणूस अर्धवट जागा होतो, मोठा घरघराट करून श्वास घेतो आणि पुन्हा झोपी जातो. सकाळी त्याला यातले काहीच आठवत नाही. तीव्र विकारात हे तासाला तीसहून अधिक वेळा घडते. म्हणजे आठ तास अंथरुणात पडूनही माणूस झोपेला पारखाच राहतो. प्रत्येक वेळी शरीर दचकते, रक्तदाब उसळी घेतो, आणि कालांतराने तो दिवसाही चढलेला राहू लागतो.

टॅफ्ट यांच्या हयातीत हे ज्ञान कोणापाशीच नव्हते. लठ्ठ आणि सदा पेंगणारा माणूस जगाला ठाऊक होता तो डिकन्स यांच्या ‘पिकविक पेपर्स’ या कादंबरीतल्या जो नावाच्या पोऱ्यामुळे. १९५६ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या लक्षणसमूहाला पिकविकचेच नाव दिले. मेंदूच्या विद्युत लहरी कागदावर उतरविणारे जर्मन वैज्ञानिक हान्स बर्गर यांचे संशोधन १९२९ मध्ये, टॅफ्ट यांच्या अखेरच्या दिवसांत प्रसिद्ध झाले. झोपेत डोळे वेगाने हलण्याची अवस्था १९५३ मध्ये शिकागोत वर्णिली गेली. झोपेत श्वास वारंवार बंद पडतो, हे १९६५ मध्ये फ्रान्स आणि जर्मनीतील संशोधकांनी प्रत्यक्ष नोंदवून दाखविले. १९७० मध्ये विल्यम डिमेंट यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात झोपेच्या विकारांचे चिकित्सालय उभे केले. उपचार म्हणून मात्र तेव्हा गळ्याला छिद्र पाडून नळी बसविण्यापलीकडे फारसा मार्ग नव्हता. १९८१ मध्ये सिडनीचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी नाकावरच्या मुखवट्यातून सौम्य दाबाची हवा सतत सोडून श्वासाची वाट उघडी ठेवण्याची युक्ती जगापुढे मांडली. सीपॅप नावाने ती आज सर्वत्र वापरली जाते.

टॅफ्ट आज अशा चिकित्सालयात आले असते तर काय झाले असते? प्रथम त्यांच्यापुढे एक साधी प्रश्नावली ठेवली गेली असती. मेलबर्नचे डॉक्टर मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये तयार केलेल्या या मोजपट्टीत नेहमीचे आठ प्रसंग असतात. वाचताना, दूरचित्रवाणी पाहताना, सार्वजनिक ठिकाणी स्वस्थ बसले असता, तासभर वाहनात प्रवासी म्हणून बसले असता, दुपारी आडवे झाल्यावर, कोणाशी बोलत असताना, जेवणानंतर शांत बसल्यावर आणि रहदारीत वाहन थांबले असता डुलकी लागण्याची शक्यता किती, यासाठी प्रत्येकी शून्य ते तीन गुण द्यायचे. चोवीसपैकी दहाहून अधिक गुण झाले तर तपासणी करणे इष्ट. समोरचा माणूस बोलत असताना झोप लागणे हे यातले सर्वांत गंभीर लक्षणांपैकी एक. सभापतींच्या त्या प्रसंगाला टॅफ्ट यांना किती गुण पडले असते, हे सांगायला नको.

मग डॉक्टरांनी नेली यांना आत बोलावले असते. घोरणे मध्येच थांबते का, थांबल्यावर गुदमरल्यासारखा आवाज येतो का, हे त्यांनाच विचारावे लागले असते. त्यानंतर एका रात्रीची चाचणी. डोक्यावर, डोळ्यांपाशी, हनुवटीवर आणि पायांवर संवेदक, छाती-पोटाला पट्टे, नाकापाशी हवेचा प्रवाह मोजणारी नळी, बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा. इतक्या तारा लावून झोप लागणार कशी, अशी शंका प्रत्येकाला येते, पण बहुतेकांना पुरेशी झोप लागते. काही रुग्णांची चाचणी घरच्या घरीही करता येते. दहा सेकंद किंवा अधिक काळ श्वास थांबण्याचे वा क्षीण होण्याचे प्रसंग तासाला किती, यावरून निदान होते. पाच ते पंधरा म्हणजे सौम्य, पंधरा ते तीस मध्यम आणि त्यापुढे तीव्र.

ही चाचणी कशासाठी, असेही कोणी विचारील. दिवसा झोप येण्यामागे अनेक कारणे असू शकतात. नार्कोलेप्सी हा मेंदूतील झोप-जागेपणाच्या यंत्रणेचा वेगळाच विकार आहे. पायांची रात्रीची अस्वस्थता, पाळीची नोकरी, काही औषधे, थायरॉइड यांमुळेही पेंग येते. प्रत्येकाचा उपचार निराळा. टॅफ्ट यांची झोप वजनाबरोबर उतरली, हाच ॲप्नियाच्या बाजूचा मोठा पुरावा आहे, कारण नार्कोलेप्सी वजन घटल्याने अशी निघून जात नाही. अर्थात रात्रीच्या नोंदीवाचून केलेले हे निदान आहे आणि ते अत्यंत संभाव्य यापलीकडे नेता येत नाही.

उपचारांची यादी आता बरीच लांब आहे. वजन घटविणे, कुशीवर झोपणे, झोपताना मद्य वर्ज्य करणे, खालचा जबडा पुढे धरणारे दंतसाधन, निवडक रुग्णांत शस्त्रक्रिया, आणि मध्यम व तीव्र विकारासाठी सीपॅप. हे यंत्र सुरुवातीला नकोसे वाटते. मुखवटा रुततो, नाक कोरडे पडते, अनेकजण आठवडाभरात ते कपाटात ठेवून देतात. मुखवट्याचे माप बदलणे, हवेला ओलावा देणे, दाब नव्याने ठरविणे अशा छोट्या दुरुस्त्यांनी पुष्कळांना ते सुसह्य होते, म्हणून चिकित्सालयाशी संबंध तोडू नये. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने स्थूल व्यक्तींमधील मध्यम ते तीव्र ॲप्नियासाठी टिर्झेपॅटाइड या औषधाला मान्यता दिली. टॅफ्ट यांना मिळालेला आराम वजन उतरल्यामुळे होता, या तर्काला आजचे हे पाऊल दुजोराच देते.

आपल्याकडे घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण मानले जाते. ढाराढूर झोपणाऱ्याचा हेवा केला जातो आणि दिवसा पेंगणाऱ्याला कुंभकर्ण म्हणून मोकळे होतो. मुंबई-पुण्यातील मोठ्या रुग्णालयांत झोपेच्या चाचणीची सोय आहे, परंतु तेथवर जाण्याआधी हा थट्टेचा अडसर ओलांडावा लागतो. आणि हा विकार केवळ लठ्ठ पुरुषांचा नाही. सडपातळ माणसांना, रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांना आणि टॉन्सिल वाढलेल्या मुलांनाही तो होतो. वाहन चालविताना लागलेली डुलकी तर केवळ स्वतःच्या नव्हे, दुसऱ्याच्याही जिवावर बेतते.

टॅफ्ट टबात अडकल्याची आणि त्यांना ओढून काढावे लागल्याची कथा आजही रंगवून सांगितली जाते. तिला समकालीन पुरावा नाही. त्यांच्या झोपेला मात्र भरपूर पुरावा होता, भर दरबारात आणि डझनावारी साक्षीदारांसमोर. पत्नीने पाहिले, सहायकाने लिहून ठेवले, सभापतींनी अनुभवले. त्या साक्षी कोणाकडे न्यायच्या, हेच तेव्हा ठाऊक नव्हते. आज ते ठाऊक आहे. आपल्या घरात कोणी घोरता घोरता अचानक थबकत असेल आणि दिवसा बोलता बोलता डोळे मिटत असेल, तर त्याला हसण्याऐवजी त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे जावे आणि रात्री जे पाहिले ते सांगावे. निदानाची पहिली पायरी बहुधा शेजारी जागणाऱ्या माणसाच्याच हाती असते.